पेनकिलरसोबत पॅन घेतली की काळजी मिटली? नाही मिटत

मेडिकलच्या काउंटरवर दिवसातनं कितीतरी वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "ताई, दुखण्याची गोळी द्या, आणि सोबत एक पॅन पण द्या म्हणजे त्रास नको." गुडघा असो, कंबर असो, दाढ असो, मान धरलेली असो, पेनकिलर आणि पॅन (म्हणजे ॲसिडिटीची गोळी) ही जोडी आता लोकांच्या तोंडात इतकी बसलीय की पॅन घेतली म्हणजे पेनकिलरचे सगळे साइड इफेक्ट संपले असंच बहुतेकांना वाटतं. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यापायी चांगली चालतीफिरती माणसं ॲडमिट होताना मी बघतेय, म्हणून आज यावर जरा सविस्तर लिहायचंय. मी फार्मासिस्ट आहे, फलटणला दुकान आहे, आणि इथे लिहितेय ते कुणाची ट्रीटमेंट बदलायला नाही, तर तुम्ही डॉक्टरांना आणि आम्हाला काय काय सांगायला हवं ते तुमच्या लक्षात यावं म्हणून.

आधी कुठल्या गोळ्यांबद्दल बोलतोय ते सांगते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड, इटोरिकॉक्सिब, केटोरोलॅक, हे सगळं एकाच घराण्यातलं, सूज उतरवणारं आणि दुखणं थांबवणारं. व्होव्हेरान, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, झिरोडॉल, नाइस, मेफ्टाल अशा नावांनी तुमच्या घरातल्या डब्यात यातलं काही ना काही असणारच. पॅरासिटामॉल मात्र यात येत नाही, ते ताप आणि दुखणं कमी करतं पण सूज फारशी उतरवत नाही आणि त्याचे धोके वेगळे आहेत. गोंधळ असा होतो की कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ दोन्ही असतात, ॲसिक्लोफिनॅकच्या "पी" वाल्या गोळीतपण पॅरासिटामॉल असतं, मग माणूस सकाळी ही, दुपारी ती, आणि ताप वाटला म्हणून वरनं डोलो (तेपण पॅरासिटामॉलच) असं घेत राहतो, नावं वेगळी म्हणून औषधं वेगळी असं त्याला वाटतं, आणि एकच औषध दोन-तीन वाटांनी पोटात जात राहतं.

आता या गोळ्या काम कशा करतात ते थोडं बघू, कारण ते कळलं की पॅनची मर्यादा आपोआप कळते. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. जिथे मार लागला, जिथे सांधा सुजला तिथे दुखणं आणि सूज वाढवायचं काम ती करतात. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या हीच रसायनं तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिलं आणि १९८२ चं नोबेल त्याला दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. पण हीच प्रोस्टाग्लँडिनं दुसरीकडे अत्यंत गरजेची कामं करत असतात. जठराचं आतलं अस्तर ॲसिडपासून ती जपतात, आणि किडनीत पुरेसं रक्त पोचतं ठेवायला मदत करतात. गोळीला काय माहीत की तुमचा फक्त डावा गुडघा दुखतोय? ती रक्तात मिसळते आणि सगळीकडेच प्रोस्टाग्लँडिन कमी करते.

पॅन, म्हणजे पॅन्टोप्राझोल, काय करते? जठरातलं ॲसिड कमी करते. बास, तेवढंच. त्यामुळे जठराच्या आणि त्याला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या अल्सरचा धोका खरंच खूप कमी होतो, आणि साठीच्या पुढच्या माणसाला, आधी अल्सर झालेल्याला, रक्त पातळ करायची गोळी किंवा स्टिरॉइड चालू असणाऱ्याला डॉक्टर पेनकिलरसोबत ती मुद्दाम देतात ते बरोबरच आहे. पण पुढच्या लहान आतड्यात जखमा होऊ शकतात, तिथे ॲसिड कमी करून काही उपयोग नाही. आणि किडनी, बीपी, हार्ट यांना पेनकिलरपासून वाचवायचं काम पॅनचं नाहीच, तिथलं नुकसान ती थांबवूच शकत नाही.

पोटाचा विषय निघालाय तर दोन गोष्टी सांगून टाकते. एक म्हणजे "गोळी नको, सुई मारा, पोटाला त्रास नको" हे जे मागणं असतं त्याला अर्थ नाही, कारण अस्तर दुबळं होतं ते रक्तातून पोचलेल्या औषधामुळे, गोळी पोटात विरघळली एवढ्यामुळे नाही. जेवून गोळी घेतली की मळमळ, जळजळ कमी होते हे खरं, पण अल्सर होणारच नाही अशी खात्री त्याने मिळत नाही. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, म्हाताऱ्या माणसांना पोटात अजिबात न दुखतासुद्धा आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. आजी म्हणते पोट छान आहे, भूक लागते, आणि एक दिवस काळीकुट्ट, चिकट, उग्र वासाची शी होते, चक्कर येते, घाम फुटतो. लोहाच्या गोळ्यांनीपण शी काळी होते, त्यामुळे त्या चालू असतील तर घाबरून जाऊ नका, पण पेनकिलर चालू असताना अशी शी झाली किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं तर सकाळची वाट बघत बसायचं नाही, रात्री दोन वाजले असतील तरी दवाखान्यात न्यायचं.

आता किडनी. मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय.

किडनीच्या गाळणीत रक्त एका बारीक नळीतून येतं आणि दुसऱ्या नळीतून बाहेर पडतं, आणि गाळण नीट व्हायला आत ठरावीक दाब लागतो. आमच्याकडे नीरा उजव्या कालव्याचं पाणी ज्यांच्या शेतात येतं त्यांना हे लगेच कळेल, चारीला पाणी चढायला वरचं दार उघडं लागतं आणि खालचं थोडं आवळलेलं लागतं. येणारी नळी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात, विशेषतः शरीरात पाणी कमी पडलेलं असतं तेव्हा. पेनकिलर घेतली की वरचं दार आवळलं जातं. बीपीच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या बाहेर जाणारी नळी सैल करतात, म्हणजे खालचं दार मोकळं होतं. आणि त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, तर मुळात कालव्यातलं पाणीच कमी. तिन्ही एका वेळी झालं की गाळणीतला दाब पडतो आणि किडनी बंद पडायला लागते. बीपीची गोळी वाईट नाही हां, ती एकटी असली की उलट शुगरवाल्यांच्या किडनीला संरक्षणच देते. धोका आहे तो तिघींच्या एकत्र येण्याचा, आणि तो पहिल्या महिनाभरात सगळ्यात जास्त असतो, म्हणजे "वर्षानुवर्षं घेतली तरच किडनी खराब होते" हेपण चूक.

बीपीच्या गोळीच्या नावापुढे "एच" असेल, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन एच, तर त्या एका गोळीतच तिघींपैकी दोघी बसलेल्या असतात. लोक म्हणतात मला बीपीची एकच गोळी आहे. गोळी एक, औषधं दोन. मग पेनकिलर आली की तिसरी.

आमच्या ओळखीतले एक काका, वय सत्तरीच्या जवळ, रिटायर्ड, बीपीची एचवाली गोळी चालू, थोडी शुगर. गुडघे दुखतात म्हणून ॲसिक्लोफिनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ, कुणीतरी एकदा लिहून दिलेल्या चिठ्ठीवर महिनोन् महिने इकडून तिकडून आणत होते, आणि न चुकता पॅन. उन्हाळ्यात दोन दिवस जुलाब झाले, तेव्हाही तिन्ही गोळ्या चालूच, कारण गोळी चुकवायची नाही हे त्यांच्या मनात पक्कं. मग मळमळ, अन्नावर वासना नाही, पायावर सूज, लघवी कमी. घरच्यांना वाटलं जुलाबाचा अशक्तपणा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते की नाही ते सांगणारी रक्ताची तपासणी, केली तर आकडा ३.८ आला, खूपच वाढलेला. नशीब चांगलं की वेळेत कळलं, पेनकिलर बंद, सलाइन, काही दिवस बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली, आणि हळूहळू आकडा दीडच्या आत आला. त्या काकांना पोटात एकदाही जळजळ झाली नव्हती! पॅनने तिचं काम चोख केलं होतं, म्हणूनच तर सगळे निश्चिंत होते.

किडनी दुखत नाही. कंबर दुखली म्हणजे किडनी आणि कंबर नाही दुखत म्हणजे किडनी चांगली, असं काही नसतं. ती कळते फक्त रक्ताच्या तपासणीत, आणि क्रिएटिनिनची तपासणी काही महागडी नाही. ज्यांना सांधेदुखीसाठी डॉक्टरांनीच या गोळ्या जास्त दिवस लिहून दिल्यात त्यांनी ही तपासणी आणि बीपी मधूनमधून बघून घ्यायचंच.

दरवर्षी आषाढी वारीच्या वेळी मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत आमच्या फलटणला विमानतळावर मुक्कामाला येते, पुढे बरड, नातेपुते. तोवर पायांची पार वाट लागलेली असते, टाचा फुटलेल्या, पोटऱ्या ताठ, गुडघे सुजलेले. पाऊस लांबला असेल तर ऊन मरणाचं, आणि बायका तर वाटेत लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणीच कमी पितात, हे त्या स्वतः सांगतात. त्यात बहुतेक जण साठीचे, बीपी-शुगरच्या गोळ्या पिशवीत बांधलेल्या. आणि मागतात काय, "माउली, चालायची गोळी द्या, उद्या बरडला पोचायचंय." त्यांच्या निष्ठेपुढे मी काय बोलणार, पण त्या वेळी समोर उभी असते ती नेमकी तीच तिघींची जोडणी: पेनकिलर, बीपीची गोळी आणि कोरडं पडलेलं शरीर. अशा वेळी मी आधी पिशवीतल्या गोळ्या बघायला मागते, बीपीची गोळी असेल तर पेनकिलरची गोळी देत नाही, मीठ-साखर-पाण्याचं पाकीट, लावायचं जेल आणि प्रमाणात पॅरासिटामॉल देते आणि वैद्यकीय पथकाकडे पाठवते. काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊदेत. पण तुमच्या घरचं कुणी वारीला जात असेल तर निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की वाटेत दुखलं तर काय घ्यायचं, जुलाब-उलट्या लागल्या तर कुठली गोळी थांबवायची. हेच रानात उन्हात राबणाऱ्यांना, ऊसतोडीला गेलेल्यांना लागू आहे, दिवसभर घाम, पाणी कमी आणि संध्याकाळी अंग मोडलंय म्हणून गोळी, हे रोजचं झालं तर किडनीवर रोजचाच ताण.

गिधाडांचं प्रकरण तुम्हाला माहीत असेलच. भारतातली गिधाडं नव्वदच्या दशकात झपाट्याने संपत गेली, कारण कळत नव्हतं, आणि २००४ मध्ये समोर आलं की गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांच्या किडन्या निकामी होत होत्या. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जायला लागल्या, म्हणून २०१५ पासून माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीपेक्षा मोठी करायला बंदी. गिधाडाला जेवढी बाधते तेवढी माणसाला बाधत नाही हे खरं, त्याचं शरीर वेगळं आहे. पण हे औषध किडनीपर्यंत पोचतं आणि तिथे काय करू शकतं याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही, आणि आपण तेच औषध चहाबरोबर सहज घेतो.

हार्टचं बोलायचं तर व्हायॉक्स आठवलंच पाहिजे. पोट जपणारी प्रोस्टाग्लँडिनं बनवणारं एंझाइम वेगळं आणि सूज आणणारी बनवणारं वेगळं, कॉक्स-१ आणि कॉक्स-२, हे कळल्यावर कंपन्यांनी फक्त दुसऱ्यावर काम करणाऱ्या गोळ्या आणल्या. रोफेकॉक्सिब म्हणजेच व्हायॉक्स १९९९ मध्ये अमेरिकेत आली, पोटाला सुरक्षित म्हणून जगभर गाजली. २००० मधल्या मोठ्या अभ्यासात पोटाचे त्रास खरंच कमी दिसले, पण हार्ट ॲटॅक जास्त दिसले. अखेर ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीने ती बाजारातून काढून घेतली आणि त्याच वर्षी भारतातही तिच्यावर बंदी आली. पोट वाचलं म्हणजे माणूस वाचला असं नाही, हे सगळ्या जगाला तेव्हा कळलं, आणि तरी आपण काउंटरवर आज फक्त पोटाचंच विचारतो. नंतर लक्षात आलं की हा धोका जुन्या गोळ्यांनाही कमीजास्त आहे, डायक्लोफिनॅकला तर बराच. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने हार्टचा आजार असलेल्यांना डायक्लोफिनॅक देऊ नका असं सांगितलं, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा आणखी कडक केला की हा धोका पहिल्या काही आठवड्यांतही असू शकतो. इटोरिकॉक्सिब आपल्याकडे सर्रास लिहिली जाते, ज्यांचं बीपी १४०/९० च्या वर राहतं आणि आटोक्यात नाही त्यांना युरोपात ती चालत नाही. बीपीचं तर साधं आहे, या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढतं, मग डॉक्टर बीपीची गोळी वाढवतात, आणि गुडघ्याच्या गोळीचं कुणी सांगितलेलंच नसतं.

स्टेंट किंवा ॲटॅकनंतर ज्यांना ७५ची ॲस्पिरिन चालू आहे त्यांनी आयब्युप्रोफेनपासून जपा, ती आधी घेतली तर ॲस्पिरिनला तिचं काम करू देत नाही. घ्यायचीच वेळ आली तर डॉक्टरांना विचारून, साधी (कोटिंग नसलेली) ॲस्पिरिन घेतल्यावर निदान अर्ध्या तासाने. शिवाय दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो तो वेगळाच.

बाकीचं पटापट सांगते. दमा असलेल्या काही जणांना या गोळ्यांनी जोराचा अटॅक येतो, खास करून नाकात मांस वाढलेलं असेल तर. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर स्वतःच्या मनाने अजिबात नाही, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी आली तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय काही नको, कारण प्लेटलेट आधीच उतरत असतात आणि या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. निमेसुलाइड लिव्हरच्या भीतीमुळे बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी "मागच्या वेळी हिनेच ताप उतरला होता" म्हणून आया मागायला येतात. आणि मुली पाळीत पोटात दुखतं म्हणून मेफेनॅमिक ॲसिड घेतात त्याबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने इशारा दिला होता, औषध घेतल्यानंतर २ ते ८ आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं झालं तर ती गंभीर ॲलर्जी असू शकते. ती फार क्वचित होते, निरोगी मुलीने पाळीचे दोन दिवस गोळी घेतली तर घाबरायचं कारण नाही, पण पुरळ आलं तर गोळीचा संशय घ्यायचा.

एक विनंती मात्र हात जोडून, पुडीतल्या सुट्या गोळ्या आणि बिननावाची "सांधेदुखीची पावडर" घेऊ नका. दोन दिवसांत दुखणं पळतं म्हणून गावोगाव नाव होतं, पण अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि पेनकिलर मिसळलेले सापडले आहेत, आणि ही जोडी पोटासाठी सगळ्यात वाईट. पेशंट ॲडमिट झाला की डॉक्टर विचारतात काय घेत होता, आणि घरच्यांकडे दाखवायला स्ट्रिपसुद्धा नसते.

मग दुखलं तर सहन करायचं का? अजिबात नाही. दुखणं अंगावर काढणंही वाईटच. मुतखड्याची कळ, गाऊटने सुजलेला अंगठा, ऑपरेशननंतरचं दुखणं, पाठीचा कणा आखडणारा स्पॉन्डिलायटिस, यात या गोळ्या फार उपयोगाच्या आहेत, आणि तुमच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्या असतील तर माझं वाचून बंद करू नका, जाऊन विचारा. तरण्याताठ्या, दुसरा आजार नसलेल्या माणसाने पाय मुरगळला म्हणून दोन-तीन दिवस घेतली तर बहुतेकदा काही होत नाही. कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, आणि या घराण्यातल्या दोन गोळ्या कधीच एकत्र नाहीत. गुडघ्याच्या झिजेसाठी डायक्लोफिनॅकचं जेल आधी वापरून बघा, त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं आणि गुडघ्यासारख्या वरच्यावर असलेल्या सांध्याला ते चांगलं लागू पडतं. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतले आणि वजन थोडं उतरलं तर गोळीची गरजच कमी होते, फक्त त्याला धीर लागतो.

स्ट्रिपवर लाल रेघ असते ती बघा, ती म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध. आम्ही चिठ्ठी मागितली की तोंड वाकडं करू नका, आणि बीपी, शुगर, दमा, हार्ट, किडनी यातलं काय आहे आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते न विचारता सांगा, नावं आठवत नसतील तर मोबाइलमध्ये स्ट्रिपचे फोटो काढून ठेवा. आणि एखाद्या गोळीने त्रास झालाच तर तो कळवताही येतो, पेशंट स्वतः किंवा घरचं कुणीही १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवर फोन करू शकतं. औषधाचं नाव, स्ट्रिपवरचा बॅच नंबर, कधी सुरू केली आणि काय झालं एवढं जवळ असू द्या.